दाजीबा संत्र्यांत मानत नाही

धूम्रासुराला मारण्यात पियूषच्या कंपनीने दोन वर्षं घालवली आणि लोकांच्या तोंडी काय बसलं, तर घाटावर पाठ फिरवून बसलेला एक म्हातारा. यात पियूषने काही कमी केलं होतं असं नाही. त्याने धूम्रासुराला सहा हात दिले होते, नाकातून धूर दिला होता, मरताना म्हणायला चांगला लांबलचक शाप दिला होता. म्हाताऱ्याच्या वाट्याला एक धोतर, एक नाव आणि तीन बोलणी आली होती.

कंपनी म्हणजे सक्करदऱ्यात एका घराच्या वरच्या मजल्यावर बसणारी सात-आठ माणसं. मोबाइलवर खेळायचा एक मराठी खेळ त्यांनी बनवला होता, 'सातवा घाट' नावाचा. खेळणाऱ्याने तलवार घेऊन निघायचं, यक्षिणींचं जंगल आणि भुतांचा बाजार पार करायचा आणि शेवटी नदीपल्याडच्या गडावर धूम्रासुराला गाठायचं. वाटेत माणसं भेटतात. राजा, राजगुरू, राक्षस ही बडी मंडळी पियूष स्वतः लिहायचा. किरकोळ माणसं त्याच्या हाताखाली लिहिणाऱ्या रीनाच्या गळ्यात होती. पहारेकरी, लोहार, कोंबडी हरवलेली बाई. किरकोळ माणूस तीनदा बोलला की गप्प बसला पाहिजे, असा पियूषचा नियम होता. लोक तलवार चालवायला येतात, गप्पा हाणायला नाही, असं त्याचं म्हणणं.

सातव्या घाटावरचा नावाडी रीनाने अशाच एका दुपारी लिहून टाकला. त्याचं नाव दाजीबा, आणि तो रुसलेला आहे. खेळणारा जवळ आला की दाजीबा पाठ फिरवतो आणि म्हणतो, "नदी साऱ्यायची हाये. नाव माही हाये." पुन्हा विनवलं तर, "ज्याले पल्याड जायचं असन त्यानं पोहत जावं." तरीही कुणी हललं नाही तर, "माह्या पाठीवर काही लिहून हाये का गा?" झालं, कोटा संपला. तो कशावरून रुसला हे सांगायला जागाच उरली नाही. पियूष वाचून खो-खो हसला आणि म्हणाला, की अडवणारा माणूस ठेवला तर त्याला सोडवायची वस्तूही ठेवावी लागते. मग दहा संत्री ठरली. जंगलातून संत्री तोडून आणायची, दाजीबापुढे ठेवायची, की दाजीबा उठतो आणि नाव सोडतो.

दाजीबा मुळात कुठला, हे मात्र रीनाने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. तो खापा गावचा होता. खाप्याला तिचे मोठे बाबा राहत, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ वामनराव. रीनाच्या लहानपणीच्या सगळ्या सुट्ट्या त्यांच्या ओट्यावर आणि त्यांच्या संत्र्याच्या बागेत गेल्या होत्या. कन्हान नदीच्या पाण्यात पाय सोडून बसायचं धाडस तिला त्यांनीच शिकवलं. असा हा माणूस चार वर्षांमागे झालेल्या तिच्या भावाच्या, सुशीलच्या लग्नापासून जो रुसून बसला, तो बसलाच.

घरात सगळे म्हणत, पत्रिकेवरून रुसले. लग्नाची पत्रिका घरच्या माणसाने स्वतः न्यायची, अक्षता-कुंकू लावून थोरल्याच्या हातात द्यायची, हा रिवाज. रीनाच्या बाबांनी, बाबारावांनी, ती सावनेरहून कुणाच्या तरी हाती पाठवून दिली. वामनराव लग्नाला आले नाहीत. त्यानंतर दोन भावांत बोलणं नाही, येणं-जाणं नाही. दोघं एकाच बापाचे, त्यामुळे माघार घेण्याचा प्रश्नच नव्हता. आता रीनाचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि तिला मोठे बाबा मांडवात हवे होते. बाकी कुणी रुसलं तर खुशाल रुसो, पण ते हवे होते.

बाबा जाईनात, म्हणून ती एकटीच गेली. पेढ्यांचा डबा घेतला, शाल घेतली, ताटात कुंकू-अक्षता घेऊन पत्रिका पुढे केली आणि मागच्या खेपेची माफीही मागून टाकली. वामनराव म्हणाले, "बसा." मग म्हणाले, "चहा घ्या." तिला! जिला त्यांनी खांद्यावर बसवून बैलपोळा दाखवला होता. चहा कपाटातल्या नव्या कपबशीतून आला, जी तलाठी किंवा व्याही आले की निघते. पत्रिकेकडे बोट करून ते म्हणाले, "ठेवा तिथं." मोठी आई, प्रेमलताबाई, दारात उभ्या राहून नुसत्या पदराशी चाळा करत होत्या. रीना सावनेर येईपर्यंत बसमध्ये रडली. शेजारच्या बाईने तिला पाण्याची बाटली दिली, तर आणखीच रडली.

मग खेळ बाजारात आला, आणि दाजीबाचं नशीब फळफळलं. लोक धूम्रासुराला विसरले. त्याच्या शापाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पण दाजीबाच्या पाठीचं चित्र जिकडेतिकडे फिरू लागलं. कुणाची बायको रागावली की तो ते चित्र टाकून खाली लिहायचा, आज पोहत जावं लागन. कोल्हापूरच्या एकाने लिहिलं, की माझा चुलता हुबेहूब असाच आहे, तुम्हाला कुठे भेटला? एका मुलीने लिहिलं, राक्षस नाही मेला तरी चालेल, पण हे बाबा नीट बोलले पाहिजेत. पियूषला आनंद झाला आणि थोडी पोटदुखीही. "आपण सहा हात काढले ना गा त्याले," तो चित्रं काढणाऱ्या हर्षितला म्हणाला, "अन् लोकायले पाठ आवडली."

बुधवारी मोहितचा फोन आला. मोहित म्हणजे वामनरावांचा मुलगा, खाप्यात त्याचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. भावांच्या भांडणात तो आणि रीना पडले नव्हते, चोरून फोन चालू होते.

"रीने, बाबानं तुहा खेळ पाह्यला."

रीना उठून जिन्यात गेली. "कोणी दाखवला?"

"मीच. मले वाटलं हसतीन. हसले नाही. तुले बोलावून राहिले."

गुरुवारी सुट्टी टाकून ती निघाली. सगळ्या जगापुढे आपण घरच्या वडीलधाऱ्याची टवाळी केली, हे तिला बसमध्ये बसल्यावर पहिल्यांदा नीट कळलं. आता लग्नाला येणं सोडाच, हे आपल्या तेराव्यालाही येणार नाहीत, असं तिला वाटलं. घाबरलेली माणसं असलंच काहीबाही योजतात. या वेळी पेढे घ्यायचं तिला सुचलंही नाही.

वामनराव ओट्यावर बसले होते. बाजूला मोहित, त्याच्या हातात मोबाइल. वामनरावांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हा मीच हाओ ना?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "हो, मोठे बाबा."

"धोतर माहंच हाये. बसणंही माहंच हाये. पानठेल्यावरचे लोक मले दाजीबा म्हणून राहिले."

"चुकलं माहं."

"ते नाही चुकलं. चुकलं ते पुढं हाये. मोहित, दाखव तिले."

मोहितने दाखवलं. खेळणाऱ्याने दहा संत्री ठेवली, दाजीबा वळला, उठला आणि हसत नाव सोडायला निघाला.

"पाह्यलं? उठला!" वामनराव ओरडले. "दहा संत्र्यांत उठला! माही सारी बाग संत्र्याची हाये, अन् मी दहा संत्र्यांसाठी उठन? इतका सस्ता समजली का वं मले?"

आतून प्रेमलताबाईंचा आवाज आला, "पेढ्यांत तं नाहीच उठले."

रीनाला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. ती ओट्याच्या पायरीवर बसली. "मंग कशात उठन दाजीबा? सांगा. मी तसं बदलून टाकीन."

"त्याले कोणी इचारलं का, काहून रुसला म्हणून? सारे येतात अन् नाव दे, नाव दे करतात. संत्री ठेवतात, शाल ठेवतात. इचारत कोणीच नाही."

खरंच विचारलं नव्हतं. दाजीबाला तर जागा नव्हती म्हणून, पण मोठ्या बाबांना? पत्रिकेवरून, असं घरात ठरून गेलं होतं, आणि ठरलेल्या गोष्टीची चौकशी कोण करतं?

"काहून रुसले, मोठे बाबा?"

वामनरावांनी मोहितच्या हातातला मोबाइल घेऊन पालथा ठेवला.

"सुशीलच्या पत्रिका छापून आल्या. मोहित म्हणे, काका उद्या सावनेरले येऊन राहिले. सावनेरले आला म्हणजे इथं येईनच. दुसरीकडं कुठं जाईन? मी तुह्या मोठ्या आईले पुरण घालाले लावलं. धुतलेलं धोतर नेसलो अन् इथं बसलो. बस आली की उभा राहो, बस गेली की बसो. मोठी आई म्हणे जेवून घ्या, मी म्हणो तो आला की संगं जेवू. दिवे लागले तवा सावनेरचा एक दुकानदार आला, हातात पाकीट. म्हणे, तुमच्या भावाले घाई होती." ते थांबले. "पत्रिकेचं काय वं, कागद हाये तो. मी बसून राह्यलो होतो, पोरी. दिवसभर बसून राह्यलो होतो."

आत भांड्यांचा आवाज बंद झाला होता. मोहित त्या दिवशी दुकानावर असणार, त्यालाही हे ठाऊक नसावं, तो खाली पाहत होता. रीनाने मोठ्या बाबांचा हात धरला. तिला फार वाईट वाटलं, आणि चार वर्षं एक रुसका म्हातारा म्हणून त्यांच्यावर आपण घरी बसून विनोद केले, याची लाजही वाटली.

घरी येऊन तिने बाबांना जसंच्या तसं सांगितलं. बाबाराव टीव्हीसमोर होते. त्यांनी टीव्ही बंद केला.

"मले काय माहीत, तो बसला हाये म्हणून," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "सावनेरले सुशीलच्या मामाकडं उशीर झाला. शेवटची बस होती. मले वाटलं, परक्यायले पत्रिका नेऊन द्या लागते. दादा तं आपलाच हाये, त्याले कायची पत्रिका?" आणि ते उठून मागच्या अंगणात गेले आणि उगाच कुंड्या हलवत बसले.

शुक्रवारी रीनाने दाजीबा नव्याने लिहिला. संत्री काढून टाकली. खेळणाऱ्याने तलवार खाली ठेवायची, घाटावर शेजारी बसायचं आणि विचारायचं. मग दाजीबा सांगतो, अगदी सावकाश सांगतो, आणि मध्येच उठून गेलं तर पुन्हा पहिल्यापासून पाठ. पियूष म्हणाला, लोक कंटाळतील. म्हणाला, किरकोळ माणसाला एवढं बोलणं म्हणजे बाकीचे पहारेकरी संपावर जातील. मग त्याने स्वतः खेळून पाहिलं, आणि दाजीबाचं संपेपर्यंत बसला. "राहू दे," तो म्हणाला, आणि नियमाबद्दल पुन्हा बोलला नाही.

बाबाराव शनिवारभर कुंड्याच हलवत होते. रविवारी सकाळी अंघोळ करून ते रीनाला म्हणाले, "चाल." हातात काही घेतलं नाही. रीनाची पत्रिका मात्र शर्टाच्या खिशात होती.

वामनरावांनी त्यांना बसमधून उतरताना लांबूनच पाहिलं असणार, कारण दोघं पोचेपर्यंत त्यांची पाठ रस्त्याकडे झाली होती. बाबाराव शेजारी ओट्यावर टेकले. रीना खाली उभी राहिली. वाटेने जाणारा एकजण थबकला, मोहितने त्याला डोळ्यांनीच पुढे हाकललं.

"दादा," बाबाराव म्हणाले, "तू त्या दिवशी जेवला नव्हता म्हणे."

पाठ हलली नाही.

"मीही आज जेवून नाही आलो. तुह्यासंगं जेवतो."

वामनरावांनी उपरण्याने तोंड पुसलं, नाकही पुसलं, आणि घरात तोंड करून ओरडले, "आइकलं का? उपाशी आला हाये हा!"

जेवणं झाली. दोघं भाऊ मान खाली घालून जेवले आणि फक्त भाजीत मीठ बरं आहे की नाही एवढंच बोलले. हात धुतल्यावर बाबारावांनी खिशातून पत्रिका काढून कुंकू लावून दिली. वामनरावांनी चष्मा लावला आणि ती शेवटपर्यंत वाचली.

"मांडव कुठं हाये?"

"हॉल केला दादा. वाडीले, अमरावती रोडवर."

"वाडीले?" चष्मा खाली आला. "ट्रकायच्या धुरात? गोदामाच्या लायनीत? पोरगी उजवून राहिला का माल उतरवून राहिला? मले इचारलं होतं?"

"तू बोलत नव्हता."

"बोलत नव्हतो म्हणून इचारू नये का? अन् सयपाक कोण करन? वरातीले जागा किती? पाण्याचं पाह्यलं?"

बाबाराव, साठीला आलेला माणूस, शाळेतल्या पोरासारखा खालमानेने शिव्या खात होता, आणि त्याचा चेहरा इतका सुखी रीनाने सुशीलच्या लग्नातही पाहिला नव्हता. दारामागे प्रेमलताबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या, का रडत होत्या, दोन्ही असावं.

"ऊठ. चप्पल घाल," वामनराव म्हणाले. "पाहून येऊ."

"आत्ता? पैसे देऊन झाले दादा, पक्कं केलं."

"आत्ता नाही तं काय, लग्नाच्या दिवशी पाहू?" ते ओट्याखाली उतरलेही होते. चार पावलं गेल्यावर वळून पाहिलं, तर रीना अजून दारातच, ओढणीने डोळे पुसत.

"अन् तू काय उभी राह्यली वं? लग्न तुहं हाये का माहं?"