पपनसाच्या दिवसांतल्या गोळ्या

तोकुजीच्या जिभेवर गावाचा फार भरवसा. डिसेंबरात पपनसं उतरवायची, गवताखाली झाकून ठेवायची आणि आंबटपणा मरेपर्यंत वाट बघायची, ही तोसा मुलखातली रीत. आंबटपणा मेला की नाही हे सांगणारं यंत्र बागायतदारांच्या सोसायटीत होतं, पण यंत्राला कोण विचारतो! माणसं आपापल्या ढिगातलं एकेक फळ घेऊन तोकुजीच्या ओसरीवर यायची. तो एक फोड तोंडात टाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून दहा दिवस." मग कुणाची टाप नव्हती नवव्या दिवशी गवत उचलायची. त्याच्या बायकोला, हिसायोला, याचा अभिमान होता आणि वैतागही, कारण सालांचा ढीग तिलाच उपसावा लागे.

अडुसष्टाव्या वर्षी तोकुजीला रक्तदाब निघाला, वर कोलेस्टेरॉलही वाढलेलं. गावच्या दवाखान्यातल्या किताओका डॉक्टरांनी दोन गोळ्या लिहून दिल्या. सकाळ-संध्याकाळ दाब मोजून आकडे लिहायला एक वही दिली. "आणि एकच पथ्य," ते म्हणाले, "या गोळ्यांचं पपनसाशी जमत नाही. पपनस खाल्लं की औषध अंगात नको तेवढं साठतं. तेवढं सांभाळा, काका."

तोकुजीने कमरेत वाकून होकार दिला. बाहेर आल्याबरोबर हिसायो म्हणाली, "अहो, निदान सांगायचं तरी, की तुम्हाला दिवसाला वीस-वीस पपनसं चाखावी लागतात!"

"काय सांगू? तुमचं औषध मला चालत नाही म्हणू? एवढा शिकलेला माणूस शहर सोडून आपल्या डोंगरात येऊन राहिलाय. त्याच्या तोंडावर असं बोलायचं?"

"मग काय, पपनस सोडणार?"

"गोळ्या सोडेन. दोनच महिने गं! दोन्ही एकत्र घेऊ नका म्हणालाय ना तो? मी कुठे एकत्र घेतोय?"

आपल्या हुशारीवर तो खूश होऊन हसला. तीही हसली. पुढे आयुष्यभर तिला त्या हसण्याची लाज वाटायची होती.

जानेवारी उजाडला की गोळ्या चहाच्या रिकाम्या डब्यात जाऊन पडत, त्या मार्च लागेपर्यंत. दाब मोजायचं यंत्र बिचारं खरं बोलायचं. एकशे बहात्तर, एकशे ऐंशी. पहिल्या वर्षी हिसायोने तोच आकडा वहीत लिहायला घेतला, तर तोकुजीने तिचा हात धरला. "हे बघून डॉक्टर हबकेल. म्हणेल, माझंच औषध कमी पडलं. कमी करून लिही."

तिने लिहिलं, एकशे अडतीस. दुसऱ्या दिवशी एकशे चौतीस. रोज एकच आकडा दिसू नये म्हणून मध्येच एखादा एकशे बेचाळीस. या कामात तिचा हात चांगलाच बसला. डॉक्टर वही चाळून म्हणायचे, "काकू, तुमच्यासारखी नेटकी वही कुणी ठेवत नाही." ती मान खाली घालायची. त्यांना तो विनय वाटायचा.

चार हिवाळे असे निभावले. पाचव्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, शेजारचा माणूस फळ घेऊन आला. तोकुजीने फोड तोंडात टाकली, डोळे मिटले. शेजारी वाट बघत बसला. बराच वेळ झाला, तरी डोळे उघडेनात. ओठाच्या एका कोपऱ्यातून रस हनुवटीवर ओघळला आणि तोकुजी बसल्या जागी कलंडला.

मेंदूत रक्तस्राव झाला होता. जीव वाचला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणंही गेलं. नाकातून नळी घातली.

नवव्या दिवशी किताओका डॉक्टर शहरातल्या मोठ्या इस्पितळात भेटायला आले. खाटेशी उभे राहून त्यांनी हिसायोपुढे पार खाली मान झुकवली. "वही पुन्हा पुन्हा बघितली, काकू. आकडे चांगले होते. म्हणजे माझ्याच नजरेतून काहीतरी सुटलं. मला क्षमा करा."

हिसायोला वाटलं, आता गप्प राहिले तर मी माणूस नाही. "डॉक्टरसाहेब, ते आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत. पपनसाच्या दिवसांत हे गोळ्या घेतच नव्हते." आणि चाखण्यापासून डब्यापर्यंत सगळं तिने सांगून टाकलं.

डॉक्टर रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते खुर्चीवर बसले नि हळू आवाजात म्हणाले, "पपनसाशी वाकडं नसलेल्या गोळ्या आहेत, काकू. दाबाच्याही आहेत, कोलेस्टेरॉलच्याही. त्याच दिवशी बदलून दिल्या असत्या. दोन मिनिटांचं काम होतं." मग म्हणाले, "पपनसाच्या गावात दवाखाना मांडून बसलोय. मीही कधी विचारलं नाही."

ते गेल्यावर हिसायो खाटेकडे वळली. तोकुजी जागा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. त्याच्या डाव्या डोळ्यातलं पाणी कानाकडे वाहत होतं.

"एक शब्द बोलायचा होता हो," ती म्हणाली. "एकच. तुम्ही बोलला नाहीत, मीही बोलले नाही."

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तिला त्याच्याशी कडकडून भांडायचं होतं. ती थांबली. तो काहीतरी उलट बोलेल, म्हणून सवयीने थांबली.