डोळे गेले कोणाचे?

मिरचीच्या हातून गाडीची किल्ली काढून घेतली ती तिच्या पोटच्या पोराने, आणि तीही गोड बोलून. "आई, तुझे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत गं. उद्या काही झालं म्हणजे?" झालं होतं काय, तर दिवेलागणीला गाडी आत घेताना फाटकाच्या खांबाला जराशी घासली होती. खांबाचा टवका उडाला, एवढंच. पण किल्ली गेली मुलाच्या खिशात, आणि पलीकडच्या वसाहतीतला तिचा संध्याकाळचा शिवणवर्ग बसला बोंबलत. "मी सोडत जाईन की तुला," म्हणाला होता. सोडतोय! त्याला स्वतःला वेळेवर घरी यायची फुरसत नाही.

नाकावर राग, म्हणून थोरल्या भावाने लहानपणी ठेवलेलं हे नाव साठी उलटली तरी तिला चिकटून होतं. राग होता, पण डोळेही होते हो! गल्लीच्या टोकाला कोण उभं आहे, हे ती खिडकीतून सांगायची. डॉक्टरांनीही नजर ठणठणीत असल्याचं सांगितलं होतं. पण घरात डॉक्टरांचं कोण ऐकतंय? पोरांनी एकदा ठरवलं की ठरलं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मुलाने मामाला आणून सोडलं आणि स्वतः स्कूटर घेऊन कामाला पळाला. मामा म्हणजे मिरचीचा दादा, जन्मभर शहर-बस चालवलेला. ही गाडीही मूळची त्याचीच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या लेकीने अशीच त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. ब्र न काढता त्याने दिली आणि गाडी बहिणीला देऊन टाकली.

"अगं, वय झालं की व्हायचंच," दादा समजुतीने म्हणाला. "शेवटी शेवटी मला अंधार पडला की रस्त्यातले खड्डेसुद्धा दिसेनात."

"तुझं वय झालं, माझं वय झालं, आणि दोघांचंही नेमकं याच गाडीत बसल्यावर झालं?" मिरची कडाडली. "ऊठ. इकडे ये. हे दिवे बघ."

गाडीच्या पुढच्या दिव्यांवर साय धरल्यासारखं झालं होतं. पिवळट, खरखरीत. आतला बल्ब आहे की नाही, याचाही पत्ता लागत नव्हता. मिरचीने हार्डवेअरच्या दुकानातून सामान आधीच आणून ठेवलं होतं. दिव्याभोवती रंगावर तिने चिकटपट्टी लावली, जाड दाण्याचा पॉलिश-कागद पाण्यात बुडवला आणि घासायला सुरुवात केली. दादा स्टुलावर बसून मगाने पाणी सोडत होता. दुधासारखा पांढरा ओघळ बंपरवरून खाली आला.

थोड्या वेळाने तिने फडक्याने पुसून पाहिलं, तर दिवा सगळा पांढराफटक!

"मिरचे, काय केलंस हे! होतं नव्हतं तेही घालवलंस!"

तिलाही क्षणभर तसंच वाटलं. पण कबूल करील ती मिरची कसली? "तू गप बस आणि पाणी सोड," म्हणत तिने बारीक कागद घेतला, मग त्याहून बारीक. मग पॉलिशची पेस्ट. हात भरून आले, मनगट ठणकायला लागलं. आणि फडकं फिरता फिरता आतला बल्ब दिसला, त्याच्या मागची चकचकीत वाटी दिसली. पुन्हा उन्हाने खराब होऊ नये म्हणून तिने वरून पारदर्शक लेपाचा फवारा मारला. दुसऱ्या दिव्याला हात लावायचं त्राण उरलं नव्हतं.

दादा मात्र त्या दिव्याकडे टक लावून बघत बसला होता. "पण मी तर दर रविवारी घासायचो गं."

"कशाने?"

"भांड्यांच्या पावडरीने. काथ्या घेऊन. बसचे दिवे जन्मभर तसेच घासले. लखलखायचे नुसते."

"अरे देवा! दादा, ते काचेचे होते रे! हे प्लास्टिक आहे!"

त्याचा चेहरा असा पडला की तोंडाशी आलेले चार शब्द तिने गिळले. चुकला असेल, हात चुकला. पण लेक, जावई, मुलगा, एवढी शहाणीसुरती माणसं त्याच्या डोळ्यांतच खोट शोधत बसली, आणि एकालाही वाकून दिव्याकडे बघावंसं वाटलं नाही? म्हाताऱ्या माणसाचे डोळे गेले म्हणणं किती सोपं! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

अंधारून आल्यावर मुलगा घरी आला. स्कूटरवरून उतरतो न उतरतो तोच तिने फर्मावलं, "गाडीत बस. दिवे लाव."

"आई, आधी चहा तरी..."

"लाव म्हणते ना!"

समोरच्या भिंतीवर उजेड पडला. एका बाजूला पांढरा स्वच्छ झोत, विटांच्या फटीसुद्धा दिसत होत्या. दुसऱ्या बाजूला नुसता पिवळा डाग. मुलगा खाली उतरला, भिंतीकडे बघत राहिला. "अगं, मग आधी बोलायचं नाही का?"

"बोलले होते! दिवे मंद आहेत म्हटलं, तेव्हा हसलास. म्हणालास, आई, दिवे नाहीत, तू मंद झालीस. विसरलास?"

त्याने मान खाली घातली आणि किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. "चुकलो गं. मामा, बघितलंत? तुमचेही डोळे चांगलेच होते की हो!"

दादा हसला नाही.

"मला खरंच दिसेनासं झालं होतं रे," तो म्हणाला. "सगळेच म्हणायला लागले ना. मग भर उन्हातसुद्धा समोरून येणारी गाडी लांब आहे की जवळ, कळेना. दोन वर्षांत एकट्याने रस्ता ओलांडला नाही मी."

मिरचीने किल्ली दादाच्या मुठीत कोंबली आणि त्याची बोटं वरून घट्ट मिटली.