आतल्याला ऐकू जाऊ दे

डॉक्टरांनी यंत्र बंद केलं आणि आरोग्यमच्या पोटावरचं जेल स्वतःच पुसलं. एरवी ते नर्स पुसायची. भिंतीशी उभ्या असलेल्या कृष्णाजीला तेवढ्यावरूनच कळलं.

"डोक्याची कवटी झालेली नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मेंदूही नसल्यातच जमा. जन्मलं तरी काही तास जगेल, फार तर एखादा दिवस. पाचवा महिना आहे, आता मोकळं होता येईल. तुमची दोघांची यात काही चूक नाही."

आरोग्यम उठून बसली. साडी नीट केली.

"आत्ता जिवंत आहे ना, डॉक्टरम्मा?"

"आहे. ठोके चालू आहेत."

"मग असू दे."

रिक्षात कृष्णाजी म्हणाला, "उगाच चार महिने ओझं वाहायचं. कशासाठी?"

"ओझं नाही, माणूस आहे. देवाने दिलंय. किती दिवसांचं, ते त्याने ठरवावं. मी कोण?"

तंजावूरच्या बाजारात कृष्णाजीचं बांगड्यांचं दुकान होतं, आजोबांच्या वेळचं. घर मराठी. आरोग्यम तमिळ ख्रिस्ती, तिच्यासाठी त्याने लग्नाआधी बाप्तिस्मा घेतला होता. रविवारी दुकान बंद ठेवायचं, एवढाच त्याचा धर्म.

सातव्या महिन्यात तिने डोहाळजेवणाचा विषय काढला. तिकडे त्याला वळैकाप्पू म्हणतात. पोटुशीचे दोन्ही हात काचेच्या बांगड्यांनी भरतात. पोटातल्या बाळाने तो आवाज ऐकावा, म्हणून. आसपासच्या गावांतून या कामाला कृष्णाजीलाच बोलावणं यायचं. बांगडी चढवताना त्याचं एक ठरलेलं बोलणं होतं : "वाजू दे अम्मा, वाजू दे, आतल्याला ऐकू जाऊ दे." बायका हसायच्या.

"सगळ्या जिल्ह्याचे हात धरता," आरोग्यम म्हणायची, "माझा तेवढा सोडून." ते खरं होतं. ती दुकानात येई, खोक्यातून हव्या त्या बांगड्या काढी आणि स्वतःच घालून जाई.

आता ती म्हणाली, "या वेळी तुम्ही भरा."

"कुणाला दाखवायला?"

"दाखवायला नाही. ऐकवायला."

त्याची आई सीतालक्ष्मी ताक घुसळत होती. "राहणार नाही त्याचा कसला सोहळा," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

आरोग्यमने तारीख ठरवली. कृष्णाजीने त्याच तारखेचं पापनाशमचं काम घेतलं.

पापनाशमला घर माणसांनी भरलेलं होतं. मुलगी पाटावर बसली होती. कृष्णाजीने तिचा हात घेतला, अंगठ्याचं हाड आत दाबलं, बांगडी सरकवली आणि सवयीने म्हणाला, "वाजू दे अम्मा, आतल्याला..." पुढचं त्याला म्हणता येईना. बांगडी त्याच्या बोटांत फुटली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

"काय मामा, वय झालं?" कुणीतरी हसून म्हणालं.

त्याने उरलेल्या बांगड्या मुकाट्याने भरल्या आणि मिळेल ती बस धरली.

घरी आला तेव्हा सगळं उरकलं होतं. आरोग्यम खुर्चीवर बसली होती. दोन्ही हात भरलेले, पण बांगड्या ढगळ, हात वर केला की कोपरापर्यंत घसरायच्या. तिचा हात दोन-चारच्या मापाचा. या दोन-आठच्या होत्या.

"कुणी भरल्या?"

"मी," आई म्हणाली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "शेजारणी आल्या, बसल्या. हात कुणी लावेना. मी म्हटलं, मी विधवा, माझ्या हाताने कसं चालेल? ही म्हणाली, मला चालतं. मोठ्या घेतल्या. पुढे हात सुजतात."

त्या दिवशी कृष्णाजी जेवला नाही. आरोग्यम मात्र सासूने वाढलेला चिंचेचा भात दोनदा मागून जेवली.

मुलगा नवव्या महिन्यात, सकाळी दहाच्या सुमारास झाला. नर्सने आधी बांगड्या काढायला सांगितलं होतं. आरोग्यम म्हणाली, त्याच्यासमोरच काढीन. सीतालक्ष्मीने पांढरी टोपी शिवून दिली होती. ती डोक्यावर घातली तेव्हा तो इतर कुठल्याही बाळासारखा दिसला. नाक कृष्णाजीचं होतं.

बाप्तिस्म्यासाठी फादर यायला वेळ होता.

"तुम्हीच करा," आरोग्यम म्हणाली.

"मला येत नाही."

"पाणी घाला आणि नाव घ्या. एवढंच आहे."

स्टीलच्या पेल्यातलं पाणी त्याने बोटांनी टोपीच्या कडेखाली, कपाळावर सोडलं. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. नाव सवरी, तिच्या वडिलांचं. पाणी गार लागून मूल रडायला लागलं, बारीक, मांजराच्या पिलासारखं.

आरोग्यमने त्याला थोपटायला हात हलवला. बांगड्या वाजल्या. रडणं थांबलं.

थोड्या वेळाने पुन्हा सुरू झालं. तिने पुन्हा हात हलवला. पुन्हा थांबलं.

"योगायोग असेल," नर्स हळूच म्हणाली. ती मात्र तिथून हलली नाही.

तिसऱ्या वेळी कृष्णाजीने स्वतः आरोग्यमचं मनगट धरून हलवलं. सवरी थांबला. त्याने मान किंचित आवाजाकडे नेली, असं कृष्णाजीला दिसलं. दोन महिने जो आवाज आत ऐकला, तो त्याला ओळखीचा होता.

तो चाळीस मिनिटं जगला. तेवढ्यात त्याला आईने घेतलं, आजीने घेतलं, बापाने घेतलं.

त्यानंतर त्यांना मूल झालं नाही. नऊ वर्षं दर रविवारी ती दोघं सवरीच्या मातीवर फुलं ठेवून चर्चला जात. सीतालक्ष्मी होती तोवर तीही फुलं पाठवायची. वाटेत कुणी किती मुलं विचारलं, तर आरोग्यम सांगायची, "एक." कृष्णाजीही तसंच सांगायला लागला.

गेल्या डिसेंबरात तापाचं निमित्त झालं आणि आरोग्यम चार दिवसांत गेली. तिला घरी आणलं तेव्हा कृष्णाजी दुकानात गेला आणि एकवीस हिरव्या बांगड्या निवडून आला. दोन-चारच्या. तिच्या बोटांतली जपमाळ त्याने बाजूला केली, हात हातात घेतला, अंगठ्याचं हाड दाबून पाहिलं. कासाराला हात कळतो. तो ताठरला होता, वळत नव्हता. त्याने जपमाळ पुन्हा होती तशी गुंडाळली.

चाळिसाव्या दिवशी चर्चमधल्या प्रार्थनेची नोंद करताना फादरनी विचारलं, "मिस्सा कशासाठी? मृतात्म्याच्या शांतीसाठी लिहू?"

"उपकार मानण्यासाठी लिहा," कृष्णाजी म्हणाला. "दोघांसाठी. मुलाचं नाव आधी."

वळैकाप्पूची बोलावणी अजून येतात. परवाच तिरुवैयारुला जाऊन आला. ठरलेलं बोलणं तो आता पूर्ण म्हणतो, आणि मुलीचा नवरा दाराशी घुटमळत असला तर त्याला आत बोलावून पहिली बांगडी त्याच्याकडून चढवून घेतो.

त्या एकवीस बांगड्या दुकानात वरच्या फळीवर, कागदात गुंडाळून ठेवल्या आहेत. आरोग्यमचे हात भरायचे राहिले.