टेपचं दुसरं टोक

माझा धाकटा भाऊ म्हणजे एक नंबरचा थापाड्या. पाल दिसली तर मगर सांगणार! म्हणून सकाळी तो दारात टेम्पो लावून आत धावत आला आणि म्हणाला, "ताई, ऊठ, पोरीला घे, म्हातारीला घे, चल," तेव्हा मी शिलाई मशीन चालवतच राहिले.

"नदीपलीकडे आपल्या लोकांना शाळेत कोंडलं आणि पेटवून दिलं. मी पाहिलं."

"गप रे! पोरगी ऐकतेय."

सासूबाई हसल्या. "अरे बाबा, माणसंच ना ती? भांडतील, दगड मारतील. पण असलं काही कोण करतं?"

एरवी तिखटमीठ लावून सांगणारा हा, आज त्यानं वर एक शब्द घातला नाही. "मी टेम्पोत बसतो," एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. मेला, नुसता जिवाला घोर लावून गेला! माझी बाही उलटी लागली. उसवली, तर पुन्हा उलटीच.

तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. आमच्यातल्या नव्हेत, पण माझ्या बाळंतपणात रात्रभर माझा हात धरून बसलेली बाई. नवरा गेल्यावर आम्हा तिघींना त्यांचाच आधार.

"तुझी टेप दे गं जरा." त्यांनी ती खिडकीला लावली. "हे टोक धर."

मी धरलं. "कशाला हो?"

"पडद्यांना. थोरल्याचं लग्न जमतंय. त्याला ही खोली छान होईल."

"आणि आम्ही?"

त्या गोऱ्यामोऱ्या झाल्या. "म्हणजे तुला कुणीच सांगितलं नाही होय?" मग माझ्या दंडावर हात ठेवून अगदी मायेनं म्हणाल्या, "मशीन मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हं."

मी टेपचं टोक सोडून दिलं. शाळेतलं सगळं मला तिथल्या तिथे पटलं.

"दूध घेऊन येते," म्हणत मी पोरीला कडेवर उचललं आणि सासूबाईंचा हात ओढला. "चला, आई. आत्ताच्या आत्ता."

"अगं, घरात माणूस आलंय आणि तू निघालीस कुठे? वेड लागलं का तुला?" त्यांनी हात सोडवून घेतला. "बसा हो वहिनी. हिचं काही मनावर घेऊ नका."

भावानं मला आणि पोरीला टेम्पोत अक्षरशः कोंबलं. मी गळा फाडून हाका मारल्या, "आई! आई, या ना!"

आतून त्यांचा आवाज आला. वहिनींना विचारत होत्या, "चहात साखर किती घालू?"