माझी पिसं कुणी घासली?

मी चुनखडीच्या लादीतला पक्षी बोलतोय. वय पंधरा कोटी वर्षं. तेव्हा अनुभवाच्या गप्पा मला कुणी ऐकवू नयेत.

जिवंतपणी मला दात होते, पंखांना नख्या होत्या, मागे सरड्यासारखी लांब हाडांची शेपटी होती. आणि पिसं होती, अंगभर. वादळात खाडीत पडलो, मेलो. तळाच्या गाळाने मला असं जपलं, की एक पीस वाकडं झालं नाही. गाळाला कसलाही अनुभव नव्हता, हे माझं नशीब.

मग जर्मनीत, बव्हेरियातल्या खाणीत, नव्यानेच कामाला लागलेल्या वाल्बुर्गाला मी सापडलो. इथे लाद्या अजून हाताने फोडतात. हातोडीने टकटक करायची, नाद ऐकायचा, मग छिन्नी. लादी पुस्तकासारखी उघडली. एका पानावर हाडं, समोरच्या पानावर त्यांचा ठसा, आणि दोन्हीकडे पिसांची काळपट छाया.

"काका, पिसं!" ती ओरडली.

काका म्हणजे कोर्बिनियान, खाणीचे मुकादम. हातातलं सॉसेज खाली न ठेवताच वाकले.

"पिसं कसली? बुरशी आहे ती. उद्या म्युझियमचे डॉक्टरसाहेब येणार, त्यांना असला मळका दगड दाखवू?"

"घासू नका हो!"

"चाळीस वर्षं लाद्या फोडतोय मी. तू काल आलीस."

आणि तारेचा ब्रश चालला. पंधरा कोटी वर्षांत जे कुणाला जमलं नाही, ते काकांनी न्याहारी संपायच्या आत उरकलं. ठशाची लादी ढिगाऱ्यावर भिरकावली. "हाडं इकडे आहेत. तिचं काय लोणचं घालायचंय?"

दुसऱ्या दिवशी म्युझियमचे जीवाश्मतज्ज्ञ डॉक्टर त्साखर्ल आले. माझे दात पाहिले, शेपटी पाहिली आणि निकाल दिला, "जमिनीवर पळणारा छोटा डायनासोर. पिसांची खूण नाही."

"होती," वाल्बुर्गा म्हणाली. "काकांनी घासली."

"मुली, इतका जुना माणूस अशी चूक करेल का?"

काका बुटांवरची धूळ झटकायला वाकले. आणि मला, उडणाऱ्याला, जमिनीवर पळायला लावलं.

पण ठशाची लादी तिने ढिगाऱ्यातून उचलून आणली होती. अकरा वेळा ती म्युझियमात घेऊन आली. अकरा वेळा साहेब कामात होते. बाराव्या वेळी ती त्यांच्या व्याख्यानालाच आली आणि भर सभेत लादी माझ्या शेजारी ठेवली. हाड न् हाड ठशात बसलं. आणि पिसं! दांडीची एक बाजू अरुंद, एक रुंद, उडणाऱ्याची असतात तशी. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली रंगाचे कणही सापडले. मी काळा होतो म्हणे. मला विचारायचं ना.

"मला शंका होतीच," डॉक्टर म्हणाले.

आता काचेआड आम्ही दोन्ही लाद्या आहोत. पाटीवर लिहिलंय, शोध: कोर्बिनियान आणि डॉ. त्साखर्ल. घासलेल्या जागेखाली बारीक अक्षरात: 'नैसर्गिक झीज'.

वाल्बुर्गा दर रविवारी येते. एकदा काका बरोबर होते. चष्मा चढवून त्यांनी ती ओळ वाचली, पुन्हा वाचली.

"वाल्बुर्गा, हे..."

"वाचा ना काका. निसर्गाने केलंय."

काकांनी चष्मा काढला. पाटी बदला म्हणून सांगायला कार्यालय चार पावलांवर होतं. ते बिअर प्यायला गेले.

थोरामोठ्यांनो, कळत नसेल तर निदान हात खिशात ठेवा. आणि वाचकहो, इथे आलात तर त्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने सांगा, कुणी घासलं ते. मी दगड, मला काय ऐकू येणार? पण रविवारी या. तिला ऐकू जाऊ दे.