काही म्हणणे नाही

मी एक वही आहे आणि आज पहिल्यांदाच तोंड उघडतेय. एरवी मला इतरांनी उघडायचं आणि इतरांनीच मिटायचं, असा रिवाज.

जन्माने मी कचेरीची आवक-नोंदवही. क्रमांक, दिनांक, विषय, शेरा असे चार रकाने. पण छापताना रेघा तिरक्या आल्या, म्हणून कचेरीने मला नापसंत करून कपाटात टाकलं. पुढे आस्थापना शाखेतले एक कारकून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी कर्मचाऱ्यांना नोटिसा काढल्या होत्या. पाठीमागे सगळे त्यांना 'कारणे दाखवा' म्हणत. निरोपाच्या दिवशी हार आला, भेटवस्तू आणायची राहिली. कुणीतरी मलाच कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिलं. तेव्हापासून ते माझे मालक.

घरी बसल्यावर मालकांनी कादंबऱ्या वाचायला घेतल्या. कादंबरीचं नाव 'विषया'त, तिच्याबद्दल मनात येईल ते 'शेऱ्या'त, खाली आद्याक्षरं. एका ऐतिहासिक कादंबरीवर त्यांनी लिहिलं, "लढाई उत्तम. मात्र सहा हजार घोड्यांना चारा कोण पुरवत होतं, याचा उल्लेख नाही." रहस्यकथेवर लिहिलं, "खुनी सत्तराव्या पानावरच ओळखला. तरीही मी शेवटपर्यंत जागचा का हललो नाही, याचा खुलासा लेखकाने करावा." परग्रहावरच्या कादंबरीवर, "तिथेही अर्ज तीन प्रतींतच करावा लागतो. लेखक अनुभवी दिसतो." भुताच्या कादंबरीला तर दीड पान मिळालं. भूत पटलं नाही, असं त्यात सविस्तर लिहिलं होतं. पुढचे तीन दिवस न्हाणीघरातला दिवा भरदुपारीही चालू होता, हे मात्र लिहायचं राहिलं.

प्रेमकथेच्या पानावर एक ओला डाग आहे. चहा सांडला, असं त्यांनी बाईंना, म्हणजे आपल्या बायकोला, सांगितलं. त्या दिवशी घरात दूध नव्हतं, आणि कोरा चहा ते पीत नाहीत.

हळूहळू मला त्यांची रीत कळली. ज्या पुस्तकावर जीव जडे, त्याच्यावर तक्रार लांबत जाई. न आवडलेल्या पुस्तकाची ते एका ओळीत बोळवण करत. ही रीत घरात सगळ्यांना ठाऊक होती, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

त्यांची मुलगी औषधांच्या दुकानात काम करते, जवळच वेगळी राहते. एके दिवशी तिने टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला.

"बाबा, मी कादंबरी लिहिलीय. येत्या सोमवारी प्रकाशकाला द्यायचीय. त्याआधी वाचाल?"

"ठेव तिथे. तुझ्या आधी एक खून आहे, तो उरकतो."

खून तसाच राहिला. दोन दुपारी मालक त्या गठ्ठ्यावरून उठले नाहीत. कादंबरीतला बाप घड्याळं दुरुस्त करणारा होता. गणितात पहिली आलेल्या मुलीला तो म्हणतो, "अक्षर बघ जरा." मुलीला नोकरी लागते तेव्हा विचारतो, "कायम आहे का?" मालक ही वाक्यं पुटपुटत वाचत होते. एकदा त्यांनी चष्मा काढून पुसला, घातला, पुन्हा काढला. मग मला पुढे ओढून तीन शब्द लिहिले: "काही म्हणणे नाही." खाली आद्याक्षरं नव्हती. पूर्ण सही आणि तारीख होती.

शनिवारी मुलगी आली, तेव्हा ते केस कापायला गेले होते. तिने मला उघडलं.

"आई, भुताला दीड पान आणि मला तीन शब्द?"

"अगं, त्यांचं बोलणंच तसं..."

"आवडलं असतं तर भांडले असते. माझ्याशी भांडावंसंही वाटलं नाही त्यांना." तिने गठ्ठा उचलला. "नाही देत आता कुणाला. बास झालं."

मालक परतले ते थेट बाईंच्या तावडीत.

"पोरीने एवढं लिहिलं, आणि तुमचं काही म्हणणंच नाही?"

मालक मटकन खुर्चीत बसले. "अगं, आरोपपत्र दिलं की आम्ही विचारायचो, तुमचं म्हणणं सादर करा. लोक चार-चार पानं लिहायचे. बस चुकली, सासू आजारी होती. चौतीस वर्षांत दोघांनीच लिहिलं, काही म्हणणे नाही. म्हणजे आरोप कबूल. मग खाली पूर्ण सही करावी लागते."

बाईंनी मला ओढून ती सही पाहिली. मग म्हणाल्या, "पोरीने तुमच्या हापिसात नोकरी केलीय का? सांगा तिला."

मालकांनी फोन लावला. "हां, मी बोलतोय. जेवलीस का? बरं. जाताना पंखा बंद करत जा." फोन ठेवला.

"सांगितलंत?"

"आवाज नीट येत नव्हता."

मग ते माझ्याकडे वळले. चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं. पेनाच्या टोकाने मला भोक पडलं. शेवटी उरलं ते एवढंच: "वरील शेऱ्याचा अर्थ, आरोप कबूल. कादंबरी खरी आहे. छापावी." रविवारी त्यांनी मला बाईंच्या हाती पाठवलं.

मुलीने मला उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं. नंतर तिने लाल पेनाने खाली लिहिलं: "पत्नीमार्फत पाठवलेला खुलासा स्वीकारता येत नाही. संबंधिताने उद्या नऊच्या आत समक्ष हजर राहावे. त्यानंतर प्रकरण कायमचे बंद होईल."

आज सोमवार. पावणेनऊ वाजलेत. मी मालकांच्या पिशवीत आहे आणि ते तिच्या दारासमोर उभे आहेत. जिना चढताना "छान" हा शब्द त्यांनी सात वेळा म्हणून पाहिला. दर वेळी तो नोटिशीसारखाच वाटला.

वाचकहो, तुमच्या घरातही माझ्यासारखी एखादी वही असेल. तिच्यात हवं ते लिहा, पण माणसाला सांगायचं ते तिच्यावर सोपवू नका. मी फक्त साठवू शकते. पोचवणं माझ्या हातात नाही, मला हातच नाहीत.

घंटी वाजली. दार उघडलं.

"बोला," मुलगी म्हणाली. "काय म्हणणं आहे?"

पिशवीचा बंद मुठीत आवळला गेला. मालक खाकरले.

"इथेच सांगू," ते म्हणाले, "की आत येऊ?"

तिची पावलं आत गेली. पिशवीतून मला काही दिसत नाही. फक्त आत तिने खुर्ची ओढल्याचा आवाज आला.