क्रेनच्या पिंजऱ्यात तीन लिटर

तुमचा यावर विश्वास बसणार नाही. माझाही बसला नसता, पण अंगावर आलेली गोष्ट आहे. चारचौघांच्या किडन्या लघवी तयार करतात. माझ्या किडन्यांनी एकदा तयार केलेली परत घेतली, आणि म्हणून आमच्या हिच्या भावाचा पाय वाचला.

तो, म्हणजे माझा मेहुणा, हा समोर बसलाय. शेजारी नात. ती नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे तिला सगळंच कळतं.

मी तेव्हा कारखान्यात क्रेन चालवायचो. छपराखाली दोन्ही भिंतींच्या रुळांवर धावणारी क्रेन, तिला टांगलेला पिंजरा, पिंजऱ्यात मी. खाली यायचं तर बावन्न पायऱ्यांची उभी शिडी. लघवीसाठी कोण उतरणार? म्हणून आम्ही क्रेनवाले पाणीच प्यायचो नाही. व्हायचं तेच झालं, मुतखडा. डॉक्टरांनी फैलावर घेतलं आणि रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं. मी डोकं चालवलं. वर चढायच्या आधीच तिन्ही लिटर पोटात ढकलले, म्हणजे दिवसभराची कटकट मिटली.

"आजोबा, किडनी म्हणजे काय टाकी वाटली तुम्हाला?" नात म्हणाली. "ती अख्खं रक्त गाळत असते. लागेल ते पाणी परत रक्तात, जास्तीचं खाली. एवढं एकदम प्यायल्यावर ती थांबते होय?"

"नाही थांबत. अर्ध्या तासात कळलं."

कळलं आणि मी शिडीकडे वळलो, तोच खाली आरडाओरडा झाला. मेहुणा तिथेच फिटर होता. सात टनांचा लोखंडी रोलर टेकूच्या घोडीवरून घसरला आणि याचा डावा पाय रोलर आणि यंत्राच्या चौकटीमध्ये सापडला. मी क्रेनचा आकडा खाली सोडला, लोकांनी साखळी अडकवली, मी रोलर चार बोटं उचलला. तरी पाय निघेना. चौकट वाकून घोट्याला चावली होती. ती गॅसने कापायची, तीही पायाला आच न लागता. कटरवाला म्हणाला, तासभर तरी.

आणि क्रेनचा ब्रेक आदल्या दिवसापासून घसरत होता. हँडल सोडलं, की दहा आकडे मोजेपर्यंत रोलर बोटभर खाली. पायावर अंतर चारच बोटांचं. पिंजऱ्यात दुसऱ्याला जागा नाही.

"दाजी, सोडू नका," मेहुणा खालून एकदाच म्हणाला. बरोबर माझ्या पिंजऱ्याखाली उताणा पडला होता. पुढे नुसता बघत राहिला.

रोलर घसरायचा, मी हँडल जरा ओढायचो. घसरायचा, ओढायचो. डोळा साखळीवरून हलवायची सोय नाही. आणि आत दोन्ही किडन्यांचं काम जोरात. कुशीतून एकेक कळ खाली उतरत होती, वरून ढकलल्यासारखी. ओटीपोट दगड झालं. दात इतके आवळले की एक दाढ तडकली. एकदा पाय आवळायला गेलो, हात हलला, रोलर दोन बोटं उतरला. मी तो परत उचलला आणि ठरवलं, आता शरीराकडे बघायचंच नाही. घरी हिला काय सांगणार होतो, तुझ्या भावाचा पाय मी लघवीपायी घालवला?

कटरची ठिणगी उडत होती. अर्धी चौकट कापून झाली आणि मला वाटलं, संपलं. तेव्हा मी किडन्यांना बजावलं, घ्या परत. आणि बघा, वरच्या वर ओढून घेतलं त्यांनी. मूत्राशय रिकामं, मन शांत, हात स्थिर. चौकट तुटली, याला ओढून काढला, मी रोलर खाली ठेवला. एक थेंब सांडला नाही.

"आजोबा, तसं होतच नाही," नात म्हणाली. "किडनीपासून येणाऱ्या नळ्या मूत्राशयात तिरक्या शिरतात. ते भरलं की त्याची भिंतच नळ्यांची तोंडं दाबून धरते. आत आलेलं परत वर जात नाही."

"माझं गेलं."

"मग तासभराचं सगळं गेलं कुठे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेहुण्याने हातातला कप खाली ठेवला.

"पिंजऱ्याच्या तळाला जाळी होती, पोरी," तो म्हणाला. "अर्धी चौकट कापून झाली आणि माझ्या तोंडावर धार आली. आधी वाटलं, क्रेनचं तेल गळतंय. पण तेल कोमट नसतं. यांनी हँडल सोडलं नाही, म्हणून इतकी वर्षं मी शब्द काढला नाही. पण दाजी, ते वर चढलं म्हणून सांगू नका. ते कुठे उतरलं ते मला माहीत आहे."